विश्लेषण : आधी दिसते की आधी ऐकू येते? मेंदू वेळ कशी जुळवतो?

वायरलेस इअरफोन लावून मालिका पाहताना कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. थोडा फरक खपून जातो, जास्त झाला की खटकतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी अशाच बारीक फरकामुळे एका निरीक्षकाची नोकरी गेली होती.

ग्रिनिचमध्ये काय घडले?

ग्रिनिच वेधशाळेत डोळ्याने तारा पाहायचा, कानाने घड्याळाची टिकटिक मोजायची आणि तारा दुर्बिणीतील रेघेवर कधी आला ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत लिहायचे, अशी पद्धत होती. प्रमुख नेव्हिल मास्केलिन यांच्यापेक्षा सहायक डेव्हिड किनब्रुक यांच्या नोंदी सुमारे ०.८ सेकंद उशिराच्या येऊ लागल्या. १७९६ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रिडरिश बेसेल यांनी मुरलेल्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या. त्यांच्यातही फरक निघाला. म्हणजे दोष केवळ निष्काळजीपणाचा नव्हता. डोळा आणि कान यांचा मेळ प्रत्येक जण वेगळा घालतो.

फरक का पडतो?

प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, आवाज हवेत साधारण ३४० मीटर. म्हणून वीज आधी दिसते आणि गडगडाट दर किलोमीटरला सुमारे ३ सेकंद उशिरा पोहोचतो. शरीरात मात्र उलटे घडते. डोळ्याच्या पडद्यावरील रासायनिक प्रक्रियेला वेळ लागतो, कानातील यांत्रिक प्रक्रिया झटपट होते. स्पर्शाचेही तसेच. पायाच्या अंगठ्याचा संदेश नाकावरच्या स्पर्शापेक्षा उशिरा मेंदूत पोहोचतो, तरी दोन्ही स्पर्श जवळपास एकदमच जाणवतात.

मेंदू हे कसे सांभाळतो?

तो थोडी सवलत ठेवतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला की प्रेक्षकाच्या लक्षात येते. मागे राहिला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. निसर्गात आवाज मागूनच येतो, हे यामागचे संभाव्य कारण. एकच विलंब सतत मिळत राहिला तर मेंदू त्याला काही प्रमाणात सरावतो, असेही प्रयोगांत दिसले आहे.

सवलत कुठे चालत नाही?

धावण्याच्या शर्यतीत. पिस्तुलाचा आवाज लांबच्या धावपटूला उशिरा ऐकू येऊ नये म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येकाच्या मागे स्पीकर असतो. इशाऱ्यानंतर ०.१ सेकंदाच्या आत हालचाल झाली, तर धावपटूने आवाज ऐकण्याआधीच सुरुवात केली असे मानले जाते. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा डेव्हन अॅलन ०.०९९ सेकंदाला हलला आणि बाद झाला. फरक होता सेकंदाच्या हजाराव्या भागाचा.