विश्लेषण : ‘खंडणी’, ‘तारण’, ‘दाखला’... मराठी बायबलमधले हे शब्द आले कुठून?

पोलिसांच्या बातमीत ‘खंडणी’ म्हणजे गुन्हा. बँकेच्या अर्जात ‘तारण’ म्हणजे घराची कागदपत्रे. तहसील कार्यालयात ‘दाखला’ म्हणजे रांग. हेच तिन्ही शब्द मराठी बायबलमध्ये अगदी वेगळ्या अर्थाने भेटतात. तिथे खंडणी म्हणजे दुसऱ्याच्या सुटकेसाठी दिलेले मोल, तारण म्हणजे उद्धार आणि दाखला म्हणजे बोधकथा. असे का झाले? हे शब्द कोणी निवडले? इंग्रजी बायबलचे शब्द हजार वर्षांपूर्वी जसे घडले, तसेच मराठीचेही घडले का? आणि या गोष्टीत नागपूर कुठे येते? समजून घेऊ या.

‘गॉस्पेल’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ काय?

बायबलचा नवा करार मुळात ग्रीक भाषेत आहे. त्यात ‘युआंगेलिऑन’ असा शब्द येतो. अर्थ सोपा आहे : चांगली बातमी. इंग्लंडमध्ये हा शब्द पोहोचला तेव्हा तिथे आजची इंग्रजी नव्हती, अँग्लो-सॅक्सन लोकांची जुनी इंग्रजी होती. त्या लोकांनी ग्रीक शब्द जसाच्या तसा घेतला नाही. आपल्या भाषेतले दोन शब्द जोडले. ‘गोड’ म्हणजे चांगले (आपल्या ‘गोड’शी त्याचा संबंध नाही, उच्चार मात्र जवळचा) आणि ‘स्पेल’ म्हणजे बोलणे, वार्ता. त्यातून ‘गोडस्पेल’ झाले आणि पुढे झिजून ‘गॉस्पेल’.

‘लॉर्ड’ची गोष्ट तर आणखी रंजक आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘ह्लाफवेअर्ड’ होता. ह्लाफ म्हणजे पाव, वेअर्ड म्हणजे राखणारा. म्हणजे भाकर राखणारा तो मालक. मराठीत आपण ‘अन्नदाता’ म्हणतो, त्याच्याच जवळचा हा विचार. दहाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या इंग्रजीत शुभवर्तमानांचे भाषांतर झाले. त्यात येशूसाठी ‘हेलेंड’ असा शब्द वापरला होता. अर्थ : बरे करणारा, वाचवणारा. शिष्यासाठी होता ‘लिओर्निंगक्निख्ट’, म्हणजे शिकणारा पोऱ्या. हे दोन्ही शब्द पुढे गेले आणि त्यांची जागा लॅटिनमधून आलेल्या शब्दांनी घेतली. ‘गॉस्पेल’, ‘लॉर्ड’, ‘होली’ मात्र टिकले.

मराठीत याच शब्दाचे काय झाले?

मराठी भाषांतरकारांनी नेमके तेच केले. ‘शुभ’ आणि ‘वर्तमान’ जोडून ‘शुभवर्तमान’ केले. आज ‘वर्तमान’ म्हटले की आपल्याला वर्तमानकाळ आठवतो. पण जुन्या मराठीत वर्तमान म्हणजे बातमी, हालहवाल. पेशवाईतल्या पत्रांत ‘इकडील वर्तमान’ कळवलेले असते. म्हणून तर आपण ‘वर्तमानपत्र’ म्हणतो. याच अर्थाचा दुसरा शब्द आहे ‘सुवार्ता’. वसईहून निघणाऱ्या प्रसिद्ध मासिकाचे नावही तेच.

भाषांतरकारासमोर किती रस्ते असतात?

कोणत्याही भाषेत नवी कल्पना आली की ढोबळमानाने तीन रस्ते असतात. मराठी बायबलमध्ये तिन्ही दिसतात.

पहिला, शब्द सरळ उसना घ्यायचा. ‘बाप्तिस्मा’ ग्रीकमधून आला. ‘आमेन’ आणि ‘शब्बाथ’ हिब्रूमधून आले. ‘ख्रिस्त’ हाही ग्रीकच, आणि तो स्वतः ‘मशीहा’ या हिब्रू शब्दाचे भाषांतर आहे. दोन्हींचा अर्थ अभिषिक्त.

दुसरा, शब्दाचा अर्थ फोडून आपल्या मातीत तसाच नवा घडवायचा. ‘शुभवर्तमान’ हे त्याचे उदाहरण. ‘प्रेषित’ हे दुसरे. ग्रीक ‘अपोस्टोलोस’ म्हणजे पाठवलेला, आणि संस्कृतातून आलेल्या प्रेषितचाही अर्थ पाठवलेला. ‘देवदूत’मध्येही ग्रीक शब्दातला ‘निरोप्या’ शाबूत आहे.

तिसरा, घरातला जुना शब्द घ्यायचा आणि त्याला नवे काम द्यायचे. ‘मंडळी’ हा त्यातला सर्वांत ओळखीचा. आपण ‘काय मंडळी, जेवण झाले का?’ असे विचारतो. मराठी बायबलमध्ये मंडळी म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय.

‘वल्हांडण’ इतका खास का?

ज्यू लोकांच्या एका मोठ्या सणाचे हिब्रू नाव आहे ‘पेसाह’. इजिप्तमधून सुटकेच्या रात्री मृत्यूचे संकट त्यांच्या घरांवरून ओलांडून गेले, ही त्यामागची कथा. इंग्रज भाषांतरकार विल्यम टिंडल याने त्यासाठी १५३० मध्ये नवा शब्द घडवला : ‘पासओव्हर’, वरून ओलांडणे. बायबल इंग्रजीत आणण्याच्या कामाची किंमत टिंडलने जिवाने मोजली. १५३६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. त्याचा शब्द मात्र राहिला.

मराठीत या सणाला ‘वल्हांडण’ म्हणतात. तो आला ‘वलांडणे’वरून, म्हणजेच आपले ‘ओलांडणे’. उंबरा ओलांडतो, नाला ओलांडतो, तेच क्रियापद. ना हिब्रू, ना संस्कृत. घरातल्या बोलीतून उचललेला हा शब्द आज त्या एकाच अर्थासाठी उरला आहे.

मग अरबी-फारसी शब्द कसे आले?

‘नवा करार’ आणि ‘जुना करार’ ही बायबलच्या दोन भागांची नावे. त्यातला ‘करार’ मूळ अरबी, फारसीमार्गे मराठीत आलेला. ‘दाखला’चेही मूळ अरबी. करवसुली करणाऱ्यांसाठी आलेला ‘जकातदार’ तर अरबी ‘जकात’ आणि फारसी ‘दार’ यांची जोडी.

कारण स्पष्ट आहे. मराठी बायबल छापले जाऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तेव्हा दरबार, महसूल आणि व्यवहाराची मराठी अशा शब्दांनी भरलेली होती. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातही तीच भाषा चाले. दोन पक्षांत पक्का शब्द झाला तर लोक त्याला ‘करार’च म्हणत. भाषांतरकारांनी हा ओळखीचा शब्द उचलला.

‘खंडणी’ त्याच काळातली. ती खंडणे, म्हणजे रक्कम ठरवणे, यावरून आली. तेव्हा खंडणी म्हणजे एका सत्तेने दुसरीला द्यायची ठरलेली रक्कम. शत्रूने गाव लुटू नये म्हणूनही ती दिली जाई. त्यामुळे ‘सुटकेचे मोल’ या कल्पनेसाठी तो शब्द तेव्हा चपखल होता. नंतर राजेशाही गेली, शब्द मात्र गुन्हेगारीच्या पानावर येऊन बसला. ‘तारण’चा प्रवासही असाच. मूळ अर्थ पार नेणे, तरून नेणे. कर्जाला आधार म्हणून ठेवलेली वस्तूही तारणच. आज बँकेमुळे दुसरा अर्थ पुढे आहे, बायबलमध्ये पहिला जिवंत आहे.

पोर्तुगिजांचा वाटा किती?

बायबलच्या पानांपेक्षा बोलण्यात जास्त. ‘नाताळ’, ‘पाद्री’, ‘क्रूस’ हे शब्द पोर्तुगीजमधून आले. रोज खातो तो ‘पाव’ही त्याच वाटेचा. ‘क्रूस’ला छापील मराठी बायबलमध्ये ‘वधस्तंभ’ असा संस्कृत घडणीचा शब्द मिळाला. कोकणीत ‘खुरीस’ चालतो.

याच पट्ट्यात एक वेगळा प्रयोगही झाला होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. १६१६ मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. इंग्लंडमध्ये राजा जेम्सच्या नावाने ओळखले जाणारे बायबल १६११ मध्ये निघाले होते. म्हणजे पाचच वर्षांचे अंतर. स्टीफन्सने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’सारखा शब्दही वापरला. ऐकणाऱ्याला तो लगेच समजे. पण वैकुंठासोबत विष्णूही मनात येणारच. भाषांतराची खरी अडचण इथेच आहे. परका शब्द घेतला तर कळत नाही, घरचा घेतला तर जुने अर्थ सोबत येतात.

नागपूरचा संबंध काय?

तीन धागे आहेत.

पहिला धागा थेट छापखान्यापर्यंत जातो. बंगालमधल्या श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. १८११ मध्ये संपूर्ण नवा करार आला. केरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत. त्यांचे प्रमुख मराठी पंडित होते वैजनाथ. मराठी वाङ्मयाचे अभ्यासक त्यांचा संबंध नागपूरशी जोडतात. श्रीरामपूरच्या सुरुवातीच्या मराठी पुस्तकांत नागपूरकर भोसल्यांची वंशावळही आहे. पुणे-मुंबईची मराठी ‘प्रमाण’ म्हणून पक्की होण्याआधी छापील मराठी गद्य बंगालमध्ये आकार घेत होते. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने नवे भाषांतर केले. त्यांचा नवा करार १८२६ मध्ये पूर्ण झाला.

दुसरा धागा स्टीफन हिस्लॉप यांचा. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. भूगर्भशास्त्र हाही त्यांचा विषय. त्यांनी शाळा सुरू केली आणि गोंड समाजाच्या भाषेच्या व परंपरेच्या नोंदी केल्या. १८६३ मध्ये ते बुडून मरण पावले. त्या नोंदी १८६६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. सिव्हिल लाइन्समधले हिस्लॉप कॉलेज १८८३ चे. मराठी, हिंदी आणि गोंडी एकत्र नांदणाऱ्या या भागात ‘साधा शब्द कोणता?’ या प्रश्नाला एकच उत्तर नव्हते.

तिसरा धागा रेल्वेचा. कवी नारायण वामन टिळक १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात होते. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनी ख्रिस्ती भजनांना अभंगाचे आणि ओवीचे वळण दिले. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये नागपूरचे ते दिवस वाचायला मिळतात.

शब्द सोपा की भारदस्त, हा वाद कोणी पेटवला?

पंडिता रमाबाईंनी. संस्कृतवर त्यांची पकड इतकी, की कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. याच बाईंना मराठी बायबलमधली संस्कृतप्रचुर भाषा खटकली. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्याभोवती दुष्काळातून वाचलेल्या, बालविधवा झालेल्या, नुकती अक्षरे गिरवणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांना कळेल असे भाषांतर हवे होते. त्यासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळातून भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. छपाईच्या कामातही तिथल्या स्त्रियांचे हात होते.

तोच प्रश्न पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हाती घेतला. त्यांच्या भाषांतराचे नावच ‘सुबोध बायबल’. त्याला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला.

याचा आपल्याशी काय संबंध?

धर्म कोणताही असो, हा प्रश्न आपल्या मोबाइलवर रोज येतो. बँकेच्या अ‍ॅपमधली मराठी, विम्याच्या अटी, कोर्टाची नोटीस, सरकारी योजनेचा अर्ज, सगळे भाषांतरच आहे. तिथेही रस्ते तेच तीन. ‘मोबाइल’ आपण उसना घेतला, ‘दूरदर्शन’ अर्थ फोडून घडवला, ‘खाते’ हा वहीतला जुना शब्द ऑनलाइन कामाला लावला.

यातला एकही रस्ता कायम बरोबर किंवा कायम चूक नाही. ‘बाप्तिस्मा’ परका असून रुजला, ‘वल्हांडण’ घरचा असून अनोळखी झाला, ‘खंडणी’चा अर्थ काळाने फिरवला. शब्द निवडताना तो कोणत्या भाषेतून आला, एवढेच पाहून भागत नाही. तो वाचणार कोण आणि वाचून त्याला काय कळणार, हेही पाहावे लागते. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे याच प्रश्नाला दिली. मराठीत अर्ज आणि अटी लिहिणाऱ्या प्रत्येकासमोर तो आजही आहे, कारण न कळलेल्या शब्दाखाली सही मात्र वाचणाऱ्याचीच असते.