कांजिण्या आणि नवजात बाळ

"डॉक्टर, कांजिण्या तर सगळ्यांनाच येतात, त्यात घाबरायचे काय?" असे गरोदर बायकांच्या सासवा मला नेहमी विचारतात. एरवी त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण ऐन बाळंतपणाच्या आगेमागे आलेल्या कांजिण्या बाळाच्या जिवावर बेतू शकतात.

कांजिण्यांचा विषाणू हर्पिस कुळातला. तो अंगात शिरला की शरीर प्रतिपिंडे तयार करते. ती विषाणूला चिकटून त्याला नव्या पेशींत शिरण्यापासून अडवतात. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळालाही मिळतात. मात्र ती तयार व्हायला काही दिवस लागतात. म्हणून बाळंतपणाआधी ५ दिवस ते नंतर २ दिवस या काळात आईच्या अंगावर पुरळ उठले, तर बाळाला विषाणू मिळतो, प्रतिपिंडे मिळत नाहीत. अशा बाळाला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन शक्य तितक्या लवकर द्यावे लागते.

आईला पूर्वी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर सहसा काळजी नसते. नसतील, तर कांजिण्यांच्या रुग्णापासून दूर राहावे. लस गरोदरपणात देत नाहीत. ती आधीच घ्यावी. आणि दिवस भरत आले असताना फोड दिसले, तर कडुनिंबाचा पाला अंथरून वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.