बाजरीच्या शेतातला 'गोसावी'

भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा! जबलपूरच्या सदर भागातले मराठी घर असो की नाशिक जिल्ह्यातले खेडे, हा बेत चुकत नाही. पण याच बाजरीवर एकदा केवढे संकट कोसळले होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

संकटाचे नाव गोसावी, म्हणजेच केवडा रोग. पाने पिवळी पडतात, सकाळी त्यांच्या खालच्या बाजूला पांढरी लव दिसते. पुढे कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका येतो. जणू जटा वाढवलेला गोसावीच! रोगजंतू बुरशीसारखा दिसतो, पण ती खरी बुरशी नव्हे. त्याचे नाते शेवाळाशी अधिक जवळचे.

१९६५ साली लुधियानाच्या डॉ. अठवाल यांनी एचबी-१ हे संकरित वाण दिले. १९७०-७१ मध्ये देशात ८० लाख टन बाजरी पिकली. मात्र त्या काळच्या संकरित वाणांची 'आई' एकच होती, अमेरिकेतून आणलेली टिफ्ट २३ए. तिच्यात गोसावीला तोंड देण्याची ताकद नव्हती. साथ आली आणि उभी शेते हातची गेली.

मुद्दाम लावलेली साथ

मग टिकाऊ वाण ओळखायचे कसे? हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने त्यासाठी कठोर परीक्षा ठरवली. आधी रोगाला हमखास बळी पडणाऱ्या बाजरीच्या ओळी पेरायच्या. तीन आठवड्यांनी मधल्या जागेत नवी वाणे पेरायची. फवाऱ्याने हवा दमट ठेवायची. रात्री रोगट पानांवरचे बीजाणू वाऱ्याबरोबर कोवळ्या रोपांवर जाऊन बसतात. पुढे रोगट झाडे मोजायची. जे तगेल ते पास! जंतू जागोजागी रूप बदलतो, म्हणून हीच परीक्षा अनेक गावी होते.

पश्चिम आफ्रिकेतील टोगोच्या बाजरीतून निवडलेले आयसीटीपी ८२०३ हे वाण १९८८ मध्ये आले आणि महाराष्ट्रात रुजले. त्यातूनच पुढे लोहाने समृद्ध 'धनशक्ती' तयार झाले.

तरी कोणतेही वाण कायमचे अजिंक्य नसते. सगळी शेते एकाच आईच्या लेकरांवर सोपवू नयेत, हा धडा बाजरीने शिकवला. ताटातल्या भाकरीमागे मुद्दाम आजारी पाडलेल्या अशा कितीतरी रोपांचे ऋण आहे.