चिरूट, चाळ आणि आल्बनीचे विधिमंडळ

शाळा आमची सातवीत सुटली, तेव्हा कायदा कसा होतो हे आम्हांला कोणी शिकवले नाही. पुढे विडी कामगारांच्या संघटनेत पडलो आणि कायद्याचे पुस्तक प्रथम हाती धरावे लागले. त्यातला पहिलाच प्रश्न असा : स्वतःच्या घरी, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई ही कामगार आहे की नाही? कारखानदारांचे म्हणणे, ती आपल्या घरची मालकीण. आम्ही पाने-तंबाखू देतो आणि तयार माल मोजून घेतो, याहून आमचा तिचा संबंध नाही. १९६६ साली आपल्या संसदेने विडी व चिरूट कामगारांचा कायदा केला आणि तिला कामगार म्हटले. कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७४ साली न्यायालयाने कायदा वैध ठरवला. हा झगडा आपल्याच देशात प्रथम झाला अशी आमची समजूत होती. ती खोटी ठरली. त्याच्या आधी ऐंशीहून अधिक वर्षे तो न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात झाला होता, आणि त्याचा शेवट निराळा झाला होता. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्या काळी मजुरांसंबंधीचे कायदे बहुतेक वॉशिंग्टनला होत नसत. कामाचे तास, मुलांची मजुरी, कारखान्यातले आरोग्य, हा कारभार ज्या त्या राज्याचा. म्हणून न्यूयॉर्क शहरातल्या मजुराने दाद मागावयाची ती उत्तरेला, हडसन नदीच्या काठी वसलेल्या आल्बनी या राजधानीत. तेथे विधिमंडळाची सभागृहे दोन : सिनेट ३२ सभासदांचे, असेंब्ली १२८ सभासदांची. असेंब्लीचा सभासद फक्त एका वर्षासाठी निवडला जाई. जानेवारीच्या आरंभी अधिवेशन भरे, मे-जूनच्या सुमारास उरके आणि नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक. मानधन वर्षाला १५०० डॉलर. ज्याला सहा महिन्यांत परत मतदारापुढे उभे राहावयाचे, त्याच्या कानी संघटनेचा शब्द लवकर पोचतो. थैलीवाल्याचाही पोचतो, हे विसरू नये.

इमारत मात्र राजवाड्याला लाजवील अशी. बांधकाम १८६७ साली सुरू झाले, ते १८९९ पर्यंत चालले आणि खर्च अडीच कोटी डॉलरांच्या घरात गेला. असेंब्लीचे दालन १८७९ साली उघडले तेव्हा त्याच्या दगडी कमानीची वाहवा झाली. थोड्याच वर्षांत त्या कमानीला तडे जाऊ लागले आणि ती उतरवावी लागली.

या दालनात ३ जानेवारी १८८२ रोजी जे अधिवेशन भरले, त्याचे पहिले काम म्हणजे सभापती निवडणे. ते महिनाभर झाले नाही. डेमॉक्रॅटिक पक्षाचे बहुमत होते, पण त्यांतले आठ सभासद टॅमनी हॉलचे. टॅमनी हॉल ही न्यूयॉर्क शहरातली त्या पक्षाची मातब्बर टोळी. तिचे सूत्रधार त्या वेळी जॉन केली हे होते. आमच्या माणसांना हव्या त्या समित्या मिळाल्याखेरीज मत देणार नाही, म्हणून आठही जण अडून बसले. फेब्रुवारीच्या आरंभी ट्रॉय गावचे चार्ल्स पॅटर्सन सभापती झाले आणि कामाला तोंड लागले.

सभासद कोण होते? वकील, शेतकरी, दुकानदार, त्यांत दारूविके, गवंडी, एक खाटीकही. सर्वांत लहान सभासद तेवीस वर्षांचे थिओडोर रूझवेल्ट. (दुसऱ्या महायुद्धातले रूझवेल्ट ते वेगळे, यांचे दूरचे भाऊबंद, हे १९०१ साली राष्ट्राध्यक्ष झाले.) श्रीमंत घराणे, हार्वर्डची पदवी, नाकावर चिमट्याचा चष्मा. त्यांनी आपल्या रोजनिशीत टॅमनीच्या आयरिश सभासदांना जी विशेषणे लावली आहेत ती सभेत सांगण्याजोगी नाहीत. गवंडी आणि खाटीक कायदे करतात याचे त्यांना वैषम्य वाटे. आम्हांला तसे वाटत नाही. गवंड्याने सभागृहात बसण्यात काहीच वावगे नाही; पाहावयाचे ते एवढेच की तो कोणाच्या पैशाने बसला आहे.

आणि पैसा तर वाहत होता. आल्बनीत 'स्ट्राइक' या शब्दाला आमच्या संपाहून निराळा अर्थ होता. एखाद्या रेल्वे कंपनीला जाचक होईल असा मसुदा सभासदाने मुद्दाम मांडावयाचा, कंपनीचा माणूस थैली घेऊन आला की तो मागे घ्यावयाचा, याचे नाव स्ट्राइक. सुमारे तिसरा हिस्सा सभासद विकत मिळण्याजोगे होते असे रूझवेल्ट यांनीच पुढे लिहून ठेवले. त्या वर्षी त्यांनी एका न्यायाधीशाचे आणि रेल्वेसम्राट जे गूल्ड यांचे साटेलोटे असल्याचा आरोप करून चौकशीची मागणी केली. १०४ विरुद्ध ६ मतांनी ती मंजूर झाली, पण समितीने शेवटी न्यायाधीशाला सोडून दिले. त्या प्रकरणाने रूझवेल्ट यांचे नाव गाजले. आमच्या विषयाचा मसुदा मात्र गाजावाजा न होता आला होता.

न्यूयॉर्कमध्ये चिरुटांचा धंदा मोठा. कारखानदार एखादी चाळच्या चाळ विकत किंवा भाड्याने घेई आणि खोल्या चिरूट वळणाऱ्या कुटुंबांना देई. खाली तंबाखूचे वाटप, वर बिऱ्हाडे. तयार माल खाली आणून द्यावयाचा, मजुरीतून भाडे कापले जावयाचे. मालक तोच, घरमालकही तोच. म्हणून कामावरून काढले की घरही गेले. १८७७ च्या मोठ्या संपात नेमके हेच झाले : संपवाल्यांची बिऱ्हाडे रस्त्यावर आली. या चाळींतून राहणारे बहुतेक बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, आलेले लोक. त्यांना इंग्रजी येत नसे.

चिरूटवाल्यांच्या संघटनेचे पुढारी सॅम्युएल गाँपर्स हे स्वतः लंडनहून १८६३ साली आलेले, लहानपणापासून चिरूट वळणारे. त्यांचे शिक्षण कारखान्याच्या बाकावर झाले. एक जण मोठ्याने वर्तमानपत्र किंवा पुस्तक वाची, बाकीचे ऐकत वळीत, आणि वाचणाऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून प्रत्येक जण आपल्यातले काही चिरूट त्याच्या वाट्याला घाली. हे वाचले तेव्हा आम्हांला गाँपर्स आपल्या नात्यातले वाटले. चाळींत शिरून पाहणी करावयाची तर मालकाची माणसे आड येत, तेव्हा ते डिकन्सच्या कादंबऱ्यांचा संच विकणारे फिरते विक्रेते बनून दारोदार गेले आणि जे दिसले ते त्यांनी एका जर्मन वर्तमानपत्रात लिहिले.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. संघटनेचा हेतू निव्वळ दयेचा नव्हता. चाळीतले कुटुंब, बायकामुलांसह रात्रीपर्यंत राबून, कारखान्यातल्या सभासदाचा दर पाडत होते. म्हणून मागणी दर वाढवण्याची नव्हे, चाळीतले काम बंद करण्याची होती. तिला आरोग्याचे नाव दिले, कारण आरोग्यासाठी कायदा करण्याचा अधिकार राज्याला आहे हे न्यायालये मानीत. मागणी खरी असली तरी वेष कायद्याला पटेल असा घ्यावा लागतो, हे संघटनेत काम केलेल्यास सांगावयास नको.

मसुदा १८८२ साली असेंब्लीच्या नगरविषयक समितीकडे गेला आणि प्रत्यक्ष पाहणीसाठी तिघांची नेमणूक झाली. तिघांत रूझवेल्ट, ते विरुद्ध जातील असाच सर्वांचा कयास होता. मजुराला किती दर द्यावा यात सरकारने पडू नये असे मानणारे ते गृहस्थ. नगरपालिकेच्या मजुराला रोज दोन डॉलर द्यावेत या मसुद्यालाही त्यांनी त्याच काळात विरोध केला. गाँपर्स यांना त्यांनी सांगितले, तुम्ही म्हणता तशी स्थिती असेल तर मी मसुदा उचलून धरीन. आणि ते गेले. एका खोलीत त्यांना दोन कुटुंबे राहताना दिसली, त्यांतल्या एकाने वर एक भाडेकरूही ठेवलेला. पुरुष, बायका, मुले, सगळी त्याच खोलीत दिवसा आणि रात्री उशिरापर्यंत वळत, तेथेच जेवत, तेथेच निजत. तंबाखू घाणेरड्या अंथरुणाशेजारी, उष्ट्या अन्नाच्या तुकड्यांजवळ, जागा मिळेल तिथे. त्या साऱ्यांत इंग्रजी येत होते ते एका मुलाला. आमदारसाहेबांचे प्रश्न त्यानेच मोठ्यांना समजावून सांगितले.

रूझवेल्ट पालटले. त्यांनी मसुदा उचलला, आणि १८८३ साली दोन्ही सभागृहांत तो मंजूर झाल्यावर गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्यापुढे मजुरांच्या वतीने बोलले. क्लीव्हलंड यांनी सही केली. वर्षभरात तो कायदा न्यायालयात तांत्रिक मुद्द्यावर पडला. संघटना पुन्हा आल्बनीला गेली आणि १२ मे १८८४ रोजी दुसरा कायदा झाला : पाच लाखांवर वस्तीच्या शहरांत, तीनहून अधिक कुटुंबे वेगवेगळी चूल मांडून राहत असलेल्या चाळीत, ज्या मजल्यावर बिऱ्हाड आहे त्या मजल्यावर चिरूट वळू नयेत. दंड १० ते १०० डॉलर, किंवा १० दिवस ते सहा महिने कैद.

१४ मे रोजी पीटर जेकब्ज नावाच्या चिरूटवाल्यास अटक झाली. कायदा होऊन अवघे दोन दिवस! जेकब्ज हा पत्नी व दोन मुलांसह सात खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणारा. काम एका खोलीत, बाकीच्या खोल्यांत तंबाखूचा वास नाही. रूझवेल्ट ज्या खोलीत शिरले ती आणि ही, यांत जमीन-अस्मानाचे अंतर. इतका सोयीचा आरोपी इतक्या त्वरेने सापडावा हा योगायोग मानण्याइतके आम्ही भोळे नाही. बाजू मांडावयास उभे राहिले विल्यम एव्हर्ट्स, देशाचे माजी परराष्ट्रमंत्री.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी १८८५ रोजी कायदा रद्द केला. न्यायमूर्ती रॉबर्ट अर्ल यांच्या निकालाचा मथितार्थ असा की, माणसाच्या मालमत्तेत आणि स्वातंत्र्यात आपला धंदा करण्याचा हक्क येतो. आणि माणसाला त्याच्या घरापासून, घरच्या पवित्र संस्कारांपासून ओढून दुसरीकडे कामाला लावल्याने त्याचे आरोग्य वा नीती कशी सुधारणार ते समजत नाही. ज्या घराचा मालक कारखानदार आहे, ज्या घरात निजावयाच्या जागी तंबाखू आहे, त्या घराला त्यांनी घर म्हटले. रूझवेल्ट यांनी उतारवयात लिहिले की हे न्यायाधीश हेतूने वाईट नव्हते. त्यांना कायदा ठाऊक होता, चाळ ठाऊक नव्हती. मजुरांचे हित कशात आहे हे न्यायालयांना नेहमीच कळते असे नाही, याची पहिली जाणीव आपल्याला या खटल्याने झाली, अशी कबुलीही त्यांनी दिली.

गाँपर्स आणि त्यांचे साथी यानंतर आल्बनीवर विसंबले नाहीत. एकेका कारखानदाराला संपांनी व प्रचाराने इतके भंडावले की चाळीपेक्षा कारखाना चालवणे त्याला स्वस्त पडू लागले. १८८६ साली अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर स्थापन झाले आणि गाँपर्स त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

ही हकीकत आम्ही एकदा विडी कामगार बायकांच्या बैठकीत सांगितली, आणि घरकाम बंदच व्हावे असे आवेशाने बोलून गेलो. तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "दादा, कारखान्यात बसाया माझी ना नाही. पण सून बसली तर तिचं तान्हं कुणापाशी ठेवायचं?" अर्लसाहेबांच्या निकालपत्रात जे घर होते, त्याहून हे घर निराळे, पण उत्तर आमच्यापाशीही तयार नव्हते. त्या दिवशीच्या बैठकीत ठराव झाला तो पाळणाघराच्या मागणीचा.