दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि पुठ्ठ्याचे खोके

पित्ताशयात खडे निघाले की रुग्ण मला विचारतात, "डॉक्टर, दुर्बिणीने होईल ना?" पण सर्जनचा हात त्या कामावर कसा बसला, हे सहसा कोणी विचारत नाही.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी 1990 साली भारतात प्रथम दुर्बिणीतून पित्ताशय काढले. आज ही शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या गावीही होते. पोटावर अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे पाडून लांब हत्यारे आत घालतात आणि सर्जन पडद्याकडे पाहून काम करतो.

इथेच अडचण आहे. होडीच्या वल्ह्याप्रमाणे हात डावीकडे नेला की हत्याराचे टोक उजवीकडे जाते. सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही. बोटांना स्पर्शही पुरेसा कळत नाही. ही सवय रुग्णाच्या पोटात लावून घेणे बरे नव्हे. पित्तनलिकेला इजा झाली तर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

सरावाची संगणकी यंत्रे फार महाग असतात. पण घरीही काम भागते. पुठ्ठ्याचे खोके किंवा प्लास्टिकचा डबा घ्यावा, हत्यारांसाठी दोन भोके पाडावीत, आत छोटा दिवा लावावा आणि वर मोबाईलचा कॅमेरा बसवावा. मग वापरातून काढलेल्या हत्यारांनी मणी एका वाटीतून दुसरीत टाकायचे, गॉजवर आखलेले वर्तुळ रेषेवरून कापायचे, जुन्या हातमोज्याला टाका घालून आतल्या आत गाठ मारायची. घड्याळ लावायचे आणि चुकाही मोजायच्या. अमेरिकेतील सर्जनांच्या 'सेजेस' संस्थेने 2004 साली सुरू केलेल्या परीक्षेतही अशीच कामे खोक्यातच करून दाखवावी लागतात.

अर्थात खोक्यात रक्तस्राव होत नाही, सुजून चिकटलेले अवयव नसतात. ते शिक्षण अनुभवी सर्जनच्या हाताखालीच मिळते. खोके फक्त हात तयार करते. पण तयार हातानेच टेबलापाशी उभे राहावे.

म्हणून वाचकहो, "आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?" हे सर्जनना न संकोचता विचारा. आणि दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया पोट उघडून पूर्ण करावी लागली, तर तिला अपयश समजू नका. अनेकदा रुग्णाच्या सुरक्षेसाठी घेतलेला तो शहाणपणाचा निर्णय असतो.