लेगोची पवनचक्की उलटी चालते

ईदी जमली की मुलं मोबाईलवर खेळणी शोधतात. बुलढाण्यातल्या आमच्या वर्गातल्या एकाने लेगोची पवनचक्की दाखवली. म्हणाला, "सर, घेऊ का?"

डेन्मार्कच्या लेगोने तिथल्याच वेस्टास या पवनचक्की कंपनीसाठी हा सेट २००८ मध्ये काढला. २०१८ मध्ये तो पुन्हा आला : ८२६ तुकडे, उंची साधारण एक मीटर. आता बनत नाही, म्हणून हौशी लोक सीलबंद डब्याला जास्त पैसे मोजतात. डबा फोडला की भाव उतरतो. खेळणं घ्यायचं, पण खेळायचं नाही!

खरी गंमत वेगळीच. यात बॅटरी मोटार फिरवते आणि मोटार पाती. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर नेमकं उलट होतं : वारा पाती फिरवतो, पात्यांमुळे जनरेटर फिरतो, वीज तयार होते.

हे घरी बघता येतं. मोडक्या खेळण्यातली छोटी मोटार काढा, दांड्याला बाटलीच्या प्लास्टिकची पाती बसवा. दोन्ही वायरी मल्टिमीटरला लावा, तो डीसी व्होल्टवर ठेवा. टेबल फॅनसमोर धरलं की आकडा हलतो. वायरी अदलाबदल केल्या तर उणे चिन्ह येतं. घरच्या प्लगमध्ये मात्र काही खुपसू नका.

त्या मुलाला सांगितलं, ईदी राहू दे, आधी मोटार घेऊन ये.