कोर्टच पारव्याला गेलं तर?

धुरा कोरला, पांदण अडवली, मजुरी बुडवली. घाटंजी तालुक्यातली अशी भांडणं रकमेने लहान आणि वैराने मोठी. शेताच्या वाटेसाठी तहसीलदाराकडे जाता येतं. जमीन महसूल संहितेच्या 143व्या कलमात ती सोय आहे. बाकीच्यासाठी कोर्ट. घाटंजीत ते आहेही. पण पारव्यासारख्या गावाहून तारखेला यायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज गेला, आपला आणि साक्षीदाराचाही.

हे दुखणं ओळखून विधी आयोगाने 1986 मध्येच, 114व्या अहवालात, ग्राम न्यायालयांची शिफारस केली. कायदा व्हायला 2008 उजाडलं, अंमल 2 ऑक्टोबर 2009 पासून. गांधी जयंतीचा मुहूर्त तेवढा साधला.

कायदा वाचावा तर चांगला आहे. पंचायत समितीच्या गावी मुख्यालय, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या पात्रतेचा न्यायाधिकारी. दोन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे, किमान वेतनाच्या तक्रारी, विहिरीचं पाणी, चराईचं रान हे सगळं त्याच्यापुढे. कामकाज शक्यतो मराठीत, दिवाणी दाव्याची फी जास्तीत जास्त 100 रुपये, निकाल सहा महिन्यांत लावण्याचा प्रयत्न. आणि खरा जीव आहे तो 9व्या कलमात: न्यायाधिकाऱ्याने वेळोवेळी गावोगाव जाऊन, पक्षकारांच्या जवळ बसून सुनावणी घ्यायची.

मग अडलं कुठे? ग्राम न्यायालय काढण्याची राज्यांवर सक्तीच नाही. केंद्राचे पैसे म्हणजे एकदाच 18 लाख, पुढे वर्षाला फार तर 3 लाख 20 हजार, तेही तीनच वर्षं. नंतरचं पगारपाणी राज्याच्या गळ्यात. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिसूचना काढायला राज्यांना चार आठवडे दिले. 2024 मध्ये तिथेच शंका निघाली की, यातून अपिलंच वाढतील. शंका अगदी वाऱ्यावरची नाही. तालुक्याला कोर्ट असताना शेजारी दुसरी पाटी लावून काय होणार?

म्हणून घाटंजीला नवी इमारत नको. कायद्यात दुरुस्ती करून ग्राम न्यायालय सक्तीचं करावं, पण ते असलेल्या कोर्टालाच जोडावं, एक न्यायाधीश वाढवून द्यावा आणि गावातल्या सुनावणीचे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करावेत. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून हे कुणाला सुचणार नाही. तालुक्यातल्या ग्रामसभांनी तसा ठराव करून तो आर्णी मतदारसंघाच्या आमदारांकडे आणि यवतमाळच्या जिल्हा न्यायालयाकडे पाठवावा.